परदेश, जात आणि आत्मकथन : न्यूयॉर्कमधील तीन संदर्भ

मराठी दलित आत्मकथनांच्या समीक्षेने जातीचा विचार प्रामुख्याने स्थळाच्या अंगाने केला आहे. गावकूस, पाणवठा, वाडा ही तिची परिचित परिभाषा. देशांतर केलेल्या लेखकाबाबत मात्र ही परिभाषा अपुरी पडते. तेथे पाणवठा नसतो. आडनाव, आहार आणि मूळ गाव यांविषयीचे सहज वाटणारे प्रश्न त्याची जागा घेतात. या बदलाचे स्वरूप न्यूयॉर्कशी संबंधित तीन लेखकांच्या आधारे तपासता येईल.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात डॉ. आंबेडकरांनी श्री. व्यं. केतकरांचे एक मत उद्धृत केले आहे : हिंदू अन्यत्र स्थलांतरित झाले, तर जात ही जागतिक समस्या होईल. याच आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये मात्र परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव मनातून पुसली गेल्याचे नोंदविले आहे. १९१७मध्ये बडोद्यास उतरताच निवाऱ्याच्या प्रश्नाने ती परतली आणि पारशी नाव धारण करून त्यांना पारशी विश्रामगृहात राहावे लागले. या दोन विधानांतील विरोध वरवरचा आहे. पहिले विधान समुदायाच्या स्थलांतराविषयी आहे, दुसरे एका विद्यार्थ्याच्या. जात समुदायाबरोबर प्रवास करते.

अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर असा समुदाय तेथे वाढला. त्यात शिक्षित उच्चवर्णीयांचे प्राबल्य राहिले. या काळानंतरची दोन आत्मपर पुस्तके येथे महत्त्वाची ठरतात. सुजाता गिडला यांच्या 'अँट्स अमंग एलिफंट्स'चा (२०१७) बहुतांश भाग आंध्रातील दलित ख्रिस्ती कुटुंबाचा इतिहास आहे. तरीही अमेरिका ही केवळ चौकट नव्हे. जे मायदेशी नित्याचे जगणे होते, ते तेथील श्रोत्यांसमोर 'कथा' बनले. 'कमिंग आउट ॲज दलित'मध्ये (२०१९) याशिका दत्त यांनी भारतात दीर्घकाळ लपविलेल्या जातीचा उच्चार केला आहे. त्याची पहिली वाच्यता त्यांनी २०१६मध्ये रोहित वेमुला याच्या मृत्यूनंतर, न्यूयॉर्कमधून केली होती. आंबेडकरांच्या निवेदनात परदेशी विस्मरण आणि स्वदेशी आच्छादन आहे. दत्त यांच्या निवेदनात स्वदेशी आच्छादन आणि परदेशी उच्चार. क्रम उलटला, पण आच्छादनाची गरज संपली नाही.

याच ठिकाणी साहित्य आणि कायदा परस्परांना भेटतात. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल हे जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी, प्रचलित कायदे पुरेसे असल्याचे कारण देऊन, ऑक्टोबरमध्ये नाकारले. कायद्यात 'जात' हा शब्द असण्या-नसण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तक्रारदाराला संरक्षण मागण्यासाठी प्रथम स्वतःची जात सांगावी लागते; म्हणजे ज्या उघडेपणाचे भय आहे, तोच न्यायाचा पहिला टप्पा ठरतो. लेखिकेला वाचक लाभतो. स्वदेशीय वरिष्ठाच्या हाताखाली काम करणाऱ्याला ती सोय नसते.

म्हणून 'सत्यकथन' या मूल्याने आत्मकथनांची प्रतवारी करणाऱ्या समीक्षेने मौनाचीही दखल घेतली पाहिजे. देशांतरित दलित लेखनाच्या तौलनिक अभ्यासात 'काय सांगितले' याइतकाच 'कोठे आणि कोणासमोर सांगता आले' हा प्रश्न मूलभूत आहे. जे सांगता आले नाही, तेही त्या अभ्यासाचे साधनच होय.