मानमोडीची गजलक्ष्मी : अपूर्णतेचा पुनर्विचार

लिओनार्दो दा विंचीच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतील कोळसा व पांढऱ्या खडूच्या आरेखनात संत अॅनचा वर उचललेला हात केवळ बाह्यरेषेत राहिला आहे. तरीही ते आरेखन श्रेष्ठ मानले जाते. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील भूतलिंग गटातील चैत्यगृहास मात्र ‘अपूर्ण’ म्हणून बाजूस सारले जाते. वस्तुतः तेथील दर्शनी कमानीत कमलदलांमध्ये गजलक्ष्मी व हात जोडलेले उपासक सुस्पष्ट कोरलेले आहेत. अपूर्ण आहे तो अंतर्भाग. दर्शनी भागावरील ब्राह्मी लेख यवन चंदाने दिलेल्या ‘गर्भद्वारा’चे, म्हणजे दर्शनी भागाचेच, दान नोंदवितो. चंदाचे दान पूर्ण झाले होते. म्हणून ‘अपूर्ण’ हा शेरा वास्तूला लागू पडतो, कलाकृतीला नव्हे. समीक्षेने हा भेद पाळावयास हवा.