आवाज बंद केल्यावर

‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका २०१२ साली झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा मी तिचे संवाद ऐकत होतो. अलीकडे तिचे काही प्रसंग आवाज बंद करून पाहिले. (ही अभ्यासपद्धती मला कुणी शिकवलेली नाही, घरचे झोपलेले असत, एवढंच.)

घना आणि राधा यांचं लग्न कराराचं. घरच्यांसमोर संसाराचं नाटक करायचं, खोलीचं दार लागलं की ते उतरवायचं. त्यामुळे नेहमीचा हिशेब उलटा होतो. चारचौघांतली जवळीक खोटी, दाराआडची टाळलेली नजर खरी. प्रेमाची कबुली करारात बसत नाही. म्हणून स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांना ती अडखळण्यातून, उगाच रेंगाळण्यातून द्यावी लागते.

आपल्याला हे नवं नाही. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांच्या घरात खाकरणं, बांगड्यांची किणकिण, जरा जोरात ठेवलेलं ताट यांतून अख्खं भांडण होई आणि मिटेही. माझ्या आईवडिलांचं तसंच होतं. आम्हा पोरांना त्यातलं निम्मंही कळत नसे. मालिकेत मात्र तिसऱ्याला, म्हणजे प्रेक्षकाला, कळावंच लागतं. दिग्दर्शक सतीश राजवाडे नजरेवर कॅमेरा थांबवतात, तिथवर ठीक. पण लगेच पार्श्वसंगीत येतं आणि नजरेचा अर्थ सांगून मोकळं होतं. आवाज बंद असताना राधा रागावली आहे की गहिवरली आहे, हे मला ठरवता येईना. घनालाही येत नसावं.