बाई नसलेल्या वर्गातलं बीजगणित

"मामा, वजा गुणिले वजा अधिक का होतं रे?"

"नियम आहे तसा," मी म्हणालो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, सहा वर्षं कोड लिहितोय, आणि तेरा वर्षांच्या भाचीला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं.

ताई तिला दीड वर्षापासून घरीच शिकवते. भाषा, इतिहास, चित्रकला ती निभावते. बीजगणित आलं तेव्हा तिचा फोन आला, "तू इंजिनिअर ना, एक चांगलं पुस्तक सुचव." मी तीन पुस्तकं काढली आणि तिन्हींना भाचीचाच प्रश्न विचारून पाहिला.

पहिलं हॉल आणि नाइट यांचं 'एलिमेंटरी अल्जिब्रा'. 1885 सालचं. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या याच लेखकांच्या पुस्तकांवर घासून निघाल्या. उदाहरणांची चढण इतकी बेताची की पोरगं दमत नाही. पण चिन्हांचा नियम थोडक्यात उरकून लगेच उदाहरणांची रांग लागते. चुकलात तर मागच्या पानांत बरोबर उत्तर मिळतं, कुठे चुकलात ते मिळत नाही. ते सांगायला वर्गात मास्तर आहेत, हे पुस्तकानं धरूनच चाललंय.

दुसरं आपलं बालभारतीचं, नववीचं 'गणित भाग 1'. पीडीएफ फुकट, भाषा घरची: चल, सहगुणक, बहुपदी. अर्थनियोजनावर अख्खं प्रकरण आहे, ते मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं. पण ऋण संख्यांचा गुणाकार सातवीत होऊन गेलेला, त्यामुळे इथे तो गृहीत. शिवाय सोडवलेली दोन-चार उदाहरणं संपली की सरावसंच सुरू. मधल्या जागेत बाईंनी फळ्याशी उभं राहून बोलायचं असतं. आमच्या घरी बाईच नाहीत. म्हणजे पुस्तक वाईट नाही, अर्धं आहे.

तिसरं गेलफांड आणि शेन यांचं 'अल्जिब्रा'. इंग्रजी आवृत्ती 1993 ची. गेलफांड मोठे गणितज्ञ. 1964 मध्ये त्यांनी लांबच्या गावांतल्या मुलांसाठी पत्रानं गणित शिकवणारी शाळा सुरू केली होती. शिक्षक समोर नसलेलं मूल त्यांच्या ओळखीचं होतं, हे पानोपानी जाणवतं. वजा गुणिले वजा ते दंडाच्या पैशांवरून समजावतात. मी तोच धागा घरात आणला. "आईनं तुझ्या वहीत पाच-पाच रुपयांचे तीन दंड लिहिलेत. तिन्ही खोडले तर?"

"मी पंधरानं वर!"

मग म्हटलं, हे पटलं, पण सिद्ध झालं नाही. पाच आणि वजा पाच यांची बेरीज शून्य. तिला वजा तीननं गुणलं तरी शून्यच. कंस सोडवला की एक तुकडा वजा पंधरा येतो. मग बेरीज शून्य राहायला दुसरा तुकडा किती हवा? ती थांबली, पुटपुटली आणि म्हणाली, "पंधराच." मलाही ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मी खुशीत तेच पुस्तक पाठवलं. आठवड्यानं ताईचा फोन. "अरे, यात बऱ्याच गणितांची उत्तरंच नाहीत. मी तपासू कशी? आणि सरावाची गणितं किती थोडी!" तिचं खरं होतं. चौदा पूर्ण झाल्यावर मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसायचं तर हात चालायला हवा. त्यात इंग्रजीची अडचण वेगळीच. मी भाचीसाठी नाही, तेरा वर्षांच्या स्वतःसाठी पुस्तक निवडलं होतं.

आता रोजचं पुस्तक बालभारतीचं, तेही आठवीपासून, कारण अवयव पाडणं तिथे पक्कं होतं. गेलफांड रविवारी, व्हिडिओ कॉलवर, एकच गणित, तासभर. हॉल-नाइट जास्तीच्या सरावापुरतं.

घरी शिकणाऱ्या मुलासाठी कुणी 'बेस्ट' पुस्तक विचारलं, तर मी आधी विचारेन: उत्तर चुकल्यावर त्याच्या शेजारी कोण बसणार आहे? ताईला पुस्तक सुचवून मला खरं तर त्या खुर्चीतून सुटायचं होतं.

परवा भाचीनं विचारलं, घातांक शून्य असला की उत्तर एक का? "नियम आहे" अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "वही काढ."