झिजलेल्या पायऱ्यांची साक्ष

जुन्या वस्तूचे छायाचित्र सहसा फसत नाही, असा एक समज आहे. रंग उडालेला दरवाजा, गंजलेली कडी, शेवाळलेली भिंत किंवा सुरकुत्यांनी भरलेला वृद्ध चेहरा समोर असला, की चित्र आपोआप ‘कलात्मक’ होते, असे आपण धरून चालतो. प्रदर्शनांतून आणि दिनदर्शिकांतून अशी चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांतली फारच थोडी स्मरणात राहिली. असे का व्हावे, याचा विचार करताना आम्हांला पुन:पुन्हा एकाच चित्राकडे वळावे लागले. फ्रेडरिक इव्हान्स या इंग्रज छायाचित्रकाराने १९०३ साली टिपलेले ‘अ सी ऑफ स्टेप्स’, म्हणजेच ‘पायऱ्यांचा सागर’, हे ते चित्र.

इव्हान्स (१८५३–१९४३) हे मूळचे लंडनमधले पुस्तकविक्रेते. १८९८ साली दुकान सोडून त्यांनी छायाचित्रणाला वाहून घेतले. इंग्लंड व फ्रान्समधील मध्ययुगीन कॅथेड्रले हा त्यांच्या ध्यासाचा विषय झाला. सॉमरसेट परगण्यातील वेल्स या लहानशा शहराच्या कॅथेड्रलमध्ये धर्मगुरुमंडळाच्या सभागृहाकडे जाणारा एक दगडी जिना आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा जिना शतकानुशतकांच्या वर्दळीने असा झिजला आहे, की एकही पायरी सरळ रेषेत उरलेली नाही. कुठे खोलगट, कुठे उंच, कुठे कडा पार गुळगुळीत. पुढे त्यातल्या काही पायऱ्या उजवीकडे वळून सभागृहाच्या दाराशी जातात. इव्हान्स यांनी कॅमेरा अशा जागी ठेवला, की चित्राचा खालचा सारा भाग या पायऱ्यांनी व्यापावा आणि त्यांची उंचसखलता लाटांसारखी वर चढत जावी. चित्राचे नाव वाचल्यावर नव्हे, तर चित्र पाहतानाच समुद्राची आठवण होते, हे त्यांचे यश.

हे यश साधले कसे? झीज ही मुळात सावलीतून दिसणारी गोष्ट आहे. प्रकाश समोरून आदळला, की खोलगटपणा सपाट होतो. तोच प्रकाश बाजूने तिरपा आला, की दगडातला बारीकसा खळगाही बोलू लागतो. इव्हान्स अशा प्रकाशाची चिकाटीने वाट पाहत असत. निगेटिव्हवर हात फिरवून चित्र ‘सजवणे’ त्यांना मान्य नव्हते. मुद्रणासाठी ते प्लॅटिनमची प्रक्रिया वापरीत. तिच्यात काळ्यापांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा विपुल मिळतात आणि कागदाला चकाकी येत नाही, त्यामुळे दगड दगडासारखाच दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम महाग आणि दुर्मीळ झाले, तेव्हा दुय्यम कागदावर काम करण्यापेक्षा त्यांनी छायाचित्रणच सोडून दिले. विषय जीर्ण असला, तरी त्याविषयीची निष्ठा जीर्ण चालत नाही, हे यातून दिसते.

तरीही या चित्राचे मोल केवळ तंत्रात आहे, असे आम्हांला वाटत नाही. या जिन्यावर एकही माणूस दिसत नाही. परंतु तो रिकामा आहे, असे क्षणभरही भासत नाही. ज्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत उरलेली नाहीत, त्यांची पावले या दगडात उरली आहेत. येथे झीज ही शोभा नसून साक्ष आहे. सामान्य छायाचित्रकार गंजाचा रंग पाहतो, कडीला लागलेले हात त्याला दिसत नाहीत; म्हणूनच त्याचे चित्र दिनदर्शिकेचे पान उलटताच विसरले जाते.

इव्हान्स यांच्यावर एक आक्षेप मात्र घ्यावासा वाटतो. चित्राच्या आड येणाऱ्या खुर्च्या वगैरे ते शक्य तेथे हलवून घेत. त्यांच्या कॅथेड्रलांत म्हणूनच विलक्षण शांतता आहे. पण तेथे येणाऱ्या आजच्या भाविकाला जागा नाही. कालची माणसे दाखविण्यासाठी आजची माणसे दूर करावी लागली. दगडाच्या बाबतीत हे खपून जाते. जेव्हा झिजलेला विषय जिवंत माणूस असतो, तेव्हा काय?

याचे उत्तर शोधताना डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ हे जगप्रसिद्ध चित्र आठवते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे शेतमजुरांच्या तळावर ते टिपले गेले. पीक गारठ्याने गेलेले. फाटक्या तंबूत बसलेली एक आई, खांद्यांवर तोंड लपविलेली दोन मुले आणि मांडीवर तान्हे. तिच्या चेहऱ्यावरील रेघा पाहून वाटते, की ही पन्नाशीची असावी. ती बत्तीस वर्षांची होती. चित्र छापून आल्यावर त्या तळावर अन्न पोहोचले. मात्र तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्सन आहे, हे जगाला १९७८ साली कळले, आणि तेव्हा तिने या चित्राविषयी कटुताच व्यक्त केली. चित्र थोर आहे, यात शंका नाही. त्याने दुष्काळाला आणि दारिद्र्याला चेहरा दिला. पण ज्या स्त्रीचा तो चेहरा होता, तिला नावाविना ठेवले. चित्राची थोरवी मान्य करूनही ही उणीव झाकता येत नाही.

आमच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. वसईच्या गावागावांतून जुनी घरे पाडली जात आहेत, आणि पाडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढण्याची इच्छा तरुणांना होते. ही इच्छा चांगली आहे. विहिरीच्या काठावर दोराने पडलेली खाच, मधोमध खोलगट झालेला पाटा, उंबऱ्याची घासलेली कड, लुगडे नेसलेल्या आजीचे हात. हे सारे टिपले जावे. पण ‘किती छान जुने दिसते’ एवढ्यावर थांबू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहावी. ही खाच कोणाच्या पाणी ओढण्याने पडली, हे घरात विचारावे. आजीला आधी विचारावे, मगच कॅमेरा उचलावा, आणि काढलेले चित्र तिला दाखवावे. चित्र मोबाइलमध्येच पडून न राहता कागदावर उतरले, तर त्याच्या मागे तिचे पूर्ण नाव, गाव आणि साल लिहावे.

वेल्सच्या जिन्यावर चढून गेलेल्यांची नावे आता कोणालाच सांगता येणार नाहीत. आपल्या घरच्या पाट्यावर वाटण वाटणाऱ्यांची नावे अजून सांगता येतात.