बेटांचा समुद्र

शाळेच्या भिंतीवरील नकाशात पॅसिफिक महासागर म्हणजे नुसता निळा रंग, आणि त्यात माशी बसून गेल्यासारखे ठिपके. त्या ठिपक्यांवर माणसे राहतात आणि ती लिहितातही, याचा आपल्याकडील वाचकाला सहसा पत्ता नसतो. म्हणून एपेली हाउओफा या टोंगन लेखकाविषयी चार शब्द.

याचा जन्म १९३९ सालचा. पुढे फिजीतील सुवा येथे विद्यापीठात तो शिकवू लागला. १९९३ साली त्याचा ‘अवर सी ऑफ आयलंड्स’ हा निबंध प्रसिद्ध झाला. आपली बेटे चिमुकली, दरिद्री आणि जन्माची परावलंबी, असे तो स्वतःच वर्गात शिकवीत आला होता. एके दिवशी त्याचे लक्ष समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांकडे गेले, आणि आपण यांच्या पदरात निराशा घालीत आहो, हे त्याला उमगले. मास्तरकी करणाऱ्या कोणालाही हा भाग वाचून अस्वस्थ व्हायला होईल. साहेबाने ठरविलेले आपले क्षुद्रपण साहेब गेल्यावर मास्तरच पुढे चालवतो!

हाउओफाचे म्हणणे असे की, नुसती जमीन मोजू नका, समुद्रही आपलाच धरा. पूर्वजांना तो अडसर नव्हता, वाट होती. सोयरिकी, देवघेव, भांडणेसुद्धा त्याच वाटेने चालत. एकोणिसाव्या शतकात साम्राज्यांनी पाण्यावर रेघा ओढल्या आणि शेजारी परके झाले. तरी सामान्य माणूस त्या रेघा आजही ओलांडतो. कॅलिफोर्नियात राहणारा एक टोंगन फिजीत कपडे आणून विकतो आणि परत जाताना कावा घेऊन जातो. (कावा म्हणजे मुळ्यांपासून केलेले तिकडचे पेय.)

हे शब्दांचे खेळ नव्हेत. १९७६ साली ‘होकुलेआ’ नावाचे जोडहोडीचे गलबत होकायंत्रावाचून हवाईहून ताहितीस पोचले. हवाईत ती नौकाविद्या लोपली होती. तारे आणि लाटा वाचून वाट दाखविली ती मायक्रोनेशियातील सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुगने, आणि पुढे त्याने हवाईच्या तरुणांनाही ती शिकविली. एका बेटाने गमावलेले दुसऱ्या बेटाने जपून ठेवले होते.

तरीही माझे समाधान पुरते होत नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुस्फोट केले. बिकिनीच्या लोकांना १९४६ साली घरे सोडावी लागली. काही कुटुंबे परतली, पण किरणोत्सर्गामुळे १९७८ साली त्यांना पुन्हा हलवावे लागले. अशांना समुद्राची विशालता काय सांगावी? निबंधाचा उत्साह या जखमेपाशी पुरेसा रेंगाळत नाही. ज्या ग्रंथात तो निबंध आला, त्यातच सहकाऱ्यांचे प्रतिसादही आहेत आणि सगळेच काही माना डोलावीत नाहीत.

गंमत म्हणजे, निबंधात उणी पडलेली वेदना त्याच्या १९८७ च्या ‘किसेस इन द नेदरएंड्स’ या विनोदी कादंबरीत सापडते. नायकाचे दुखणे अशा जागी आहे की ते फराळाच्या ताटाशी सांगवत नाही. वैदू, डॉक्टर, योगी असे सगळ्यांचे उंबरठे तो झिजवतो, आणि त्या हास्यातून दुसऱ्याच्या औषधावर जगणाऱ्या समाजाचे चित्र उभे राहते. मला ती निबंधाहून सरस वाटते. ग्रंथालयात मिळाली तर जरूर वाचावी. मात्र आजोबांसमोर मोठ्याने वाचू नये.