आपला गडी कोणता?

क्रीडासंघांचे इतिहास हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनी अद्याप मनावर घेतलेली दिसत नाही. राजघराण्यांच्या बखरींना जी कसोटी आपण लावतो ती या इतिहासांना लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक बखरीचे सारे गुणदोष त्यांत उतरलेले असतात. मूळपुरुष हटकून थोर असतो, पराभव नेहमी फितुरीने किंवा पंचांच्या अन्यायाने होतो, आणि घराण्याचा आजचा आचार हाच अनादि काळापासूनचा कुलाचार होता असे वाचकांस भासविण्यात येते. स्पेनमधील बिल्बाओ शहराच्या ‘अथ्लेटिक क्लब’ या फुटबॉल संघाचा इतिहास जेथे जेथे आमच्या वाचनात आला तेथे तेथे या तिसऱ्या दोषाने आम्हांस अडखळविले. तापीकाठच्या मुक्ताईनगरात बसून बिल्बाओच्या क्लबाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. ती कशाला ते पुढे कळून येईल.

या क्लबाची कीर्ती एका शिरस्त्यावर उभी आहे. बास्क मुलखात जन्मलेला, किंवा त्या मुलखातल्या मैदानांवर खेळ शिकून तयार झालेला गडीच त्यांच्या संघात खेळतो. बाहेरचा कितीही नामांकित असो, त्यास दार बंद. स्पेनमधील चार आणि फ्रान्समधील तीन अशा सात प्रांतांच्या या चिमुकल्या प्रदेशातून गडी निवडून हा संघ जगभरचे खेळाडू विकत घेणाऱ्या माद्रिद-बार्सिलोनाच्या संघांशी झुंजतो. 1928-29 साली स्पेनची साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून वरच्या वर्गातून कधीही खाली न घसरलेले संघ तीनच, आणि त्यांतला एक हा. साखळीचे अजिंक्यपद त्याने आठ वेळा मिळविले. त्यांतील शेवटची दोन 1983 व 1984 सालची. पुढे राजाचा चषक पुन्हा हाती येण्यास चाळीस वर्षे लागली. 2024 साली तो आला तेव्हा जुन्या चालीप्रमाणे विजेते गडी गबारा नावाच्या सपाट नावेत बसून नदीतून मिरवले आणि दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र लोटला. हे सारे खरे आहे, आणि वाचताना कोणाचेही मन भरून यावे असे आहे.

परंतु मन भरून आले म्हणजे टीकाकाराचे काम संपले असे नव्हे. हा शिरस्ता क्लबाबरोबर जन्मास आला काय? मुळीच नाही. 1898 साली क्लब स्थापन झाला तो बिल्बाओच्या लोखंडाच्या खाणींवर व गोद्यांवर आलेल्या इंग्रजांचा खेळ पाहून, आणि इंग्लंडात शिकून परतलेल्या सधन तरुणांच्या हौशीतून. नाव इंग्रजी, पहिल्या संघांतले कित्येक गडी इंग्रज. 1911 च्या चषकस्पर्धेत इंग्रज गडी खेळविण्यावरून तंटा माजला, आणि त्यानंतरच्या काळात ‘फक्त आपले’ हा शिरस्ता रुजला. म्हणजे ज्यास आज कुलाचार म्हणतात त्याच्या मुळाशी एक भांडण आहे. शिवाय ‘आपले’ या शब्दाची व्याप्तीही स्थिर राहिली नाही. आरंभी ती बिस्काय प्रांतापुरती होती. मग सर्व बास्क आले. 1996 साली फ्रान्सच्या बाजूचा लिझाराझू आला. आणि आता जन्मापेक्षा जोपासना पाहिली जाते. फ्रान्समधील आजाँ गावी जन्मलेला लापोर्त संघात आला तो बास्क भूमीवर खेळ शिकला म्हणून. नियम लवचिक झाला यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. गैर वाटते ते हे की, इतिहास सांगणारे ही लवचिकता झाकून ठेवतात, जणू ती कबूल केल्याने देवाची मूर्ती बाटेल.

झाकण्यासारख्या आणखीही गोष्टी आहेत. 1902 चा चषक क्लब आपल्या खात्यावर मांडतो; स्पेनचा फुटबॉल महासंघ तो मांडू देत नाही, कारण त्या वर्षी जिंकलेला संघ बिल्बाओच्या दोन क्लबांनी मिळून उभा केलेला होता. आणि शेजाऱ्यांचे काय? बाहेरचा गडी घ्यावयाचा नाही म्हटल्यावर शेजारच्या बास्क संघांनी घडविलेली मुलेच पैसे टाकून आणावी लागतात. 2018 च्या जानेवारीत लापोर्त इंग्लंडातील क्लबास विकला गेला, आणि त्याच्या जागी सान सेबास्तियनच्या रेआल सोसिएदाद या शेजारी क्लबाचा मार्टिनेझ आणण्यात आला. त्या रेआल सोसिएदादचाही पूर्वी हाच शिरस्ता होता. त्याच्या जोरावर त्यांनी 1981 व 1982 ची अजिंक्यपदे मिळविली, आणि 1989 साली आयर्लंडकडून खेळणारा ऑल्ड्रिज घेऊन तो सोडला. स्वाभिमानाची ही कथा शेजाऱ्याच्या ओसरीवरून ऐकली तर निराळी ऐकू येते. बखरकार त्या ओसरीवर कधी जात नाही.

इतके सर्व म्हणूनही या क्लबाविषयी आमचा आदर उणावत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परकी नावांस बंदी झाली, तेव्हा 1941 साली क्लबास आपले इंग्रजी नाव टाकून स्पॅनिश रूप घ्यावे लागले, आणि पुढे संधी मिळताच त्यांनी ते इंग्रजी नावच परत घेतले. परक्याने दिलेला शब्द दोन पिढ्यांत असा आपला होतो! फ्रँकोच्या मृत्यूनंतर, 5 डिसेंबर 1976 रोजी, बास्क ध्वजावरची बंदी उठलेली नसतानाच बिल्बाओचा गोलरक्षक इरिबार व रेआल सोसिएदादचा कोर्तबारिया हे दोघे कर्णधार तो ध्वज हाती धरून मैदानात उतरले. एरवी परस्परांचे हाडवैरी असणारे हे दोन संघ. या प्रसंगाचे वर्णन कितीही अलंकारिक केले तरी आम्ही त्यास नावे ठेवणार नाही.

या क्लबाचे सख्खे नाही तरी मावसभाऊ शोभतील असे संघ आमच्या महाराष्ट्रात कोल्हापुरास आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच पाहा. लाल मातीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ उभारावे, आणि शाहू स्टेडियमवर पेठेची पेठ आपल्या रंगाचे निशाण घेऊन लोटावी, हा प्रकार हिंदुस्थानात विरळाच. तेथला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. परंतु अलीकडे याच तालमींच्या संघांतून आफ्रिकेतले गडी मोबदला देऊन आणलेले दिसतात, आणि प्रेक्षकांच्या निष्ठेत त्यामुळे तसूभर उणे पडलेले नाही. आम्हां खानदेशच्या लोकांस याचे नवल वाटू नये. जत्रेच्या फडात गावाची इभ्रत राखण्यास परगावचा पैलवान आणणे आमच्याकडे कोणी कमीपणाचे मानले नाही. नारळ आणि फेटा गावाचा असला म्हणजे पैलवानही गावाचा. तेव्हा ‘आपला’ ठरविण्याच्या रीती दोन झाल्या. बिल्बाओवाला म्हणतो, आमच्या मातीत वाढला तो आपला. आमचा फडकरी म्हणतो, आमच्यासाठी लढला तो आपला. यांपैकी एक उदात्त आणि दुसरी बाजारी असे ठरवून टाकण्याची घाई आम्ही करणार नाही.

तिसरी एक रीत आहे, ती मात्र आमच्या मुंबईने जगास दाखविली, आणि बिल्बाओचा इतिहास वाचताना आमच्या मनात सारखी तीच घोळत होती. जन्माने जो ज्या धर्माचा त्याने त्या धर्माच्या संघातून खेळावयाचे. पारशी आणि युरोपियन यांच्या सामन्यांत 1907 साली हिंदू आले, 1912 साली मुसलमान आले, 1937 साली ‘इतर’ म्हणून पाचवा संघ आला. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी अशी ही स्पर्धा 1946 पर्यंत चालली, आणि साऱ्या देशात तिच्याएवढी गर्दी खेचणारा दुसरा खेळ नव्हता. 1943 च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. समोर होता हिंदूंचा संघ. सांगलीचा हा अस्सल मराठी गडी हिंदूंच्या बाजूने का नव्हता? तो ख्रिस्ती होता म्हणून. बिल्बाओच्या मापाने हजारे आणि त्यांच्यासमोरचे मराठी गोलंदाज एकाच संघात असते.

पण हजाऱ्यांना निदान संघ मिळाला. ज्याला संघात घेतले, आणि पंक्तीत मात्र घेतले नाही, त्याचे काय? बाळू पालवणकर हे नाव आमच्या तरुण वाचकांपैकी किती जणांनी ऐकले असेल हे आम्हांस ठाऊक नाही. चर्मकार घराण्यातला हा मुलगा पुण्याच्या मैदानावर महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडीत आणि लोळविता लोळविता डावखुरी गोलंदाजी शिकला. साहेब लोक जाळ्यात त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकवून घेत. त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदूंना साहेबांस हरवावयाचे होते, म्हणून त्यांनी त्यास संघात घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांनी झेलला. चहा मात्र त्यास मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यातून मिळे. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू व त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. 1911 साली सर्व हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. तेथे बाळूने 114 बळी घेतले, आणि तेव्हा त्याच्या तोडीचा गोलंदाज या देशात दुसरा नव्हता.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यास कधी मिळाले नाही. 1913 साली ते एम. डी. पै यांस मिळाले, तेव्हा हा मान बाळूचा होता असे पै स्वतःच बोलले. त्यांच्या या सरळपणाची नोंद आपल्या क्रीडेतिहासात ठळक अक्षरांनी व्हावयास पाहिजे. 1920 साली बाळूस संघातून वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून संघ सोडला. अखेर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाला. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळू स्वतः 1955 साली वारला. त्या वेळी तो हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज म्हणून नव्हे, तर 1937 च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहून पडलेला उमेदवार म्हणूनच अधिक लोकांच्या ध्यानात असावा.

आता या दोन इतिहासांची गाठ कोठे पडते ते पाहा. बिल्बाओच्या संघात इन्याकी विल्यम्स नावाचा गडी आहे. त्याचे आईबाप घानाहून सहारा वाळवंट पायी तुडवीत स्पेनला आले. तो जन्मला बिल्बाओस, वाढला पांप्लोनास. 2016 ते 2023 या काळात त्याने साखळीचे 251 सामने एकही न चुकविता ओळीने खेळले, आणि 2025 साली दे मार्कोस निवृत्त झाल्यावर संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले. त्याचा धाकटा भाऊ निको त्याच संघात आहे. रक्ताने बास्क नसलेल्या मुलास जो शिरस्ता कर्णधार करू शकतो, त्याला संकुचित म्हणणे अवघड आहे. तेथेही हे सहज घडले नाही. एकशे तेरा वर्षांच्या क्लबात पहिला कृष्णवर्णी गडी, रमाल्हो, मैदानात उतरला तो 2011 साली. पण दार उघडले गेले, आणि उघडताना शिरस्ता मोडावा लागला नाही. आमच्या हिंदू संघात बाळू बाहेरचा नव्हताच. नियमाप्रमाणे तो जन्मानेच आत होता. तरीही त्यास आत येऊ दिले नाही. कुंपण घालणारा बाहेरच्याशी कसा वागतो यावरून त्याची पारख होत नाही. कुंपणाच्या आतला सर्वांत खालचा माणूस कोठे बसतो ते पाहावे लागते. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेवर जातीयतेचा ठपका ठेवला गेला, 1940 साली गांधीजींनीही तिला विरोध दर्शविला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या साऱ्या चर्चेत धर्माधर्मांतील भिंतीच दिसल्या. एकाच संघाच्या मंडपात उभी असलेली भिंत फार थोड्यांस दिसली.

रामचंद्र गुहा यांनी आपल्या 2002 सालच्या इंग्रजी ग्रंथात या बंधूंची कहाणी विस्ताराने सांगितली, म्हणून ती आज शिकलेल्या लोकांस ठाऊक झाली. मराठी माणसाची, पुण्या-मुंबईत घडलेली ही कहाणी आम्हांस इंग्रजीतून कळावी याची खंत आम्हांस वाटते, आणि तिचे एक कारण असे की विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मवृत्त 1948 सालीच मराठीत प्रसिद्ध केले होते. गुहांना ते सापडले. आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी आत्मचरित्रांच्या याद्या करताना नटांची, पुढाऱ्यांची, प्राध्यापकांची आत्मवृत्ते मोजली; हे मोजलेले आमच्या तरी पाहण्यात नाही. मराठीत क्रिकेटच्या चौरंगी-पंचरंगीचा इतिहास कोणी लिहावयास घेईल तर त्याने जिमखान्यांची दप्तरे आणि विजयांचे तक्ते मागाहून चाळावे. आधी हे पुस्तक मिळवावे, आणि ज्या ग्रंथालयांच्या कपाटांत त्याच्या प्रती धूळ खात असतील त्यांनी त्या बाहेर काढून पुन्हा छापण्याची तजवीज करावी.