‘छावा’ आणि आमचे बुऱ्हाणपूर

आवडीला पुरावा लागत नाही. ‘अमुक चित्रपट मला फार आवडला’ असे कोणी म्हटले, तर त्याची उलटतपासणी घेण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु ‘अमुक चित्रपटाचा उगाच उदोउदो झाला’ असे जो म्हणतो तो आरोप करीत असतो, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावरच असतो. आमच्या मित्रमंडळात चित्रपटांचा वाद निघाला म्हणजे हा साधा नियम कोणी पाळीत नाही. २०२५ पासून तर एकच नाव सर्वांत आवडत्या आणि सर्वांत फाजील गाजलेल्या अशा दोन्ही चित्रपटांत आग्रहाने घेतले जाते. ते नाव ‘छावा’.

शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेला आणि लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याने पाचशे कोटींहून अधिक रुपये मिळविले. मध्य प्रदेश आणि गोवे या दोन्ही राज्यांनी तो करमुक्त केला. इतरत्र तो कौतुकाचा विषय असेल, आम्हां बुऱ्हाणपूरकरांस तो घरचाही विषय आहे. कारण चित्रपटाचा आरंभच आमच्या गावावरील छाप्याने होतो.

यंत्रमागाचा धंदा करणारे आमचे एक स्नेही म्हणतात, “शेवटच्या अर्ध्या तासात थिएटरातला एक माणूस हालला नाही. याहून मोठी कसोटी कोणती?” महाविद्यालयात इतिहास शिकविणारे दुसरे स्नेही उत्तर देतात, “आरोळीने कानठळ्या बसल्या म्हणजे मन हेलावले असे होत नाही.” आम्हांस दोघांचेही म्हणणे अर्धे पटते.

चित्रपटाच्या जमेच्या बाजूस बरेच काही आहे. विकी कौशल यांनी भूमिकेत जीव ओतला आहे यात शंका नाही. अक्षय खन्ना यांचा औरंगजेब थकलेला, हळू बोलणारा आणि म्हणूनच भयंकर आहे. साखळदंडांत जखडलेले संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांशी काव्यातून बोलतात तो प्रसंग उंचीचा आहे. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा क्षणभर का होईना, तेथे भेटतो.

परंतु आरंभाचा छापा पाहावा. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज येथे येऊन धडकली. लूट झाली ती मुख्यतः तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्याची. सराफ आणि सावकारांची ती श्रीमंत पेठ. बहादरपुर हे नाव आजही गावानजीक नांदते आहे. त्याखेरीज आणखी सतरा पुरे लुटले गेल्याचे खाफीखान लिहितो. तटबंदीच्या आतील शहराने दरवाजे लावून घेतले. स्वतः राजे या स्वारीत होते, की सेनापती हंबीरराव मोहिते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पडद्यावर मात्र राजे सिंहाचा जबडा फाडतात, आणि गाव म्हणजे केवळ एक खजिना उरतो. त्यात सराफ नाही, विणकर नाही, तापीवर पाणी भरणारी बाई नाही.

आमची तक्रार इतिहासाच्या चुकीची नाही; कलेच्या उणिवेची आहे. बुऱ्हाणपूर ही मोगलांच्या दक्षिणेतील सत्तेची दौलत होती. तिच्यावर घाव घालणे हा राजनीतीचा विचार होता. तो विचार दाखवायचा तर पेठ जिवंत दाखवावी लागते. पेठ निर्जीव ठेवली की राजनीती नाहीशी होते आणि मागे बाहुबळ तेवढे राहते. शिवाय आमच्यापैकी ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते, त्यांची गोष्ट अधिक बिकट आहे. लुटणाऱ्यांची भाषा आमची आणि लुटलेले गावही आमचेच. या पेचाला चित्रपट शिवतदेखील नाही.

तुलनेसाठी आम्ही प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४) पुढे करतो. गजानन जागीरदारांनी रंगविलेला न्यायाधीश राघोबादादांसमोर उभा राहतो तेव्हा त्याला गर्जना करावी लागत नाही. आधीच्या साऱ्या आयुष्याने त्या क्षणाला वजन आणलेले असते. यावर मित्रांनी आम्हांस लगेच घेरले : “वकिलाला न्यायाधीशाचा चित्रपट आवडणारच! जुन्यालाही फाजील मान मिळतोच की.” आक्षेप रास्त आहे, आणि जुनेपणा हा गुण नव्हे हे आम्हांस मान्य आहे. आमचा मुद्दा एवढाच की तेथे माणसाचे जगणे त्याच्या अखेरच्या कसोटीला अर्थ देते. ‘छावा’त मरण विस्ताराने आहे, नऊ वर्षांचा कारभार ओझरता आहे.

आता फाजील मानाविषयी. मार्च २०२५ मध्ये असीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते उकरू लागले. रस्त्याच्या कामात मोहरा निघाल्याची वदंता होतीच. चित्रपटातील मोगली खजिन्याने तिला बळ दिले. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पण कायद्याची आठवण कोणास होणार? पडदा हाच दस्तऐवज ठरला होता. चित्रपट पुष्कळांना आवडला म्हणून तो फाजील गाजला असे होत नाही. जे काम त्याचे नव्हे, ते लोक त्याच्याकडून करून घेऊ लागले म्हणजे त्याला फाजील मान मिळाला असे समजावे.

संभाजीराजांवरील कलंक धुऊन काढण्याचे काम पडद्याच्या फार आधी वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० सालच्या चरित्राने आणि कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ या १९७१ च्या ग्रंथाने केले. त्या कामास टाळ्या पडल्या नाहीत. गोमंतकीय वाचकांस तर दूर जावयासही नको. फोंड्याकडील हडकोळण येथे १६८८ चा शिलालेख आहे. त्यात संभाजीराजांच्या राज्यात अंगभोगाचा कर माफ झाल्याची नोंद आहे. व्यापाऱ्यांवरील अन्याय्य कर उठविणारा हा राजा आणि आमची पेठ लुटविणारा राजा एकच. या दोघांस एका माणसात पाहू शकेल असा चित्रपट ‘छावा’ नव्हे. म्हणून आमचा निवाडा असा : तो आवडला म्हणणाऱ्याने संकोच करू नये, पण त्याला इतिहास म्हणणाऱ्याने आधी हडकोळणचा तो दगड वाचावा.